‘खाजवू नकोस’ म्हणणं आजपासून बंद करा

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून तिला इसब आहे. कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे, मानेवर. मधली दोन-तीन वर्षं बरी गेली. दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू झाल्या आणि पुन्हा उसळलं. रात्री झोपेत खाजवते, सकाळी चादरीला रक्ताचे डाग असतात. तिचे बाबा म्हणतात, हात आवरता येत नाही का? सासूबाई म्हणतात, पोर मनाला लावून घेते, मन घट्ट केलं की जाईल. एका डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नकोस. मीही चिडून दोन-तीनदा तिच्या हातावर फटका मारला आणि नंतर रडत बसले. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी देते, त्यानं गुंगी येते पण खाज थांबत नाही. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवसांत सगळं साफ, आठव्या दिवशी दुप्पट. मे महिन्यात ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा आहे. त्या परीक्षेला लांब बाह्या चालत नाहीत, तिला त्याचीच जास्त धास्ती आहे. हा आजार मनाचा की कातडीचा, एकदा नीट समजावून सांगा.
– एक आई, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरातली सगळी धुसफूस तिथेच अडली आहे. आजार कातडीचाच आहे. ताण आला की तो उसळतो हेही खरं आहे. पण त्यात तुमच्या मुलीच्या मनाचा दुबळेपणा कुठेच येत नाही, आणि ‘हात आवर’ हा त्यावरचा उपाय नव्हे. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, त्या डॉक्टरांचंही निम्मं बरोबर आहे. तिच्या बाबांचं मात्र चुकतंय. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

फटक्यांबद्दल एवढंच सांगते की, इसब असलेल्या मुलांच्या कितीतरी आया माझ्यासमोर बसून हेच सांगतात आणि रडतात. रात्र रात्र पोर खाजवताना ऐकायचं, हे सोपं नाही. तिला एकदा जवळ घेऊन ‘माझं चुकलं’ म्हणा आणि तो विषय संपवा.

आता खाज म्हणजे नेमकं काय चाललंय ते बघू. आज जेवणं उरकली की एक करा. स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधे, चमच्याच्या दांड्यानं जरा जोर लावून एकच रेघ ओढा. मुलीच्या हातावर नको. तिच्यासारख्या कातडीवर पुष्कळदा रेघ लाल न होता पांढरी उमटते, आणि तिला आणखी ओरखडा कशाला? तुमच्या हातावर काही सेकंदांत रेघ लाल होईल. मग अर्ध्याएक मिनिटात रेघेच्या दोन्ही बाजूंना, जिथे चमचा टेकलासुद्धा नव्हता तिथे, लाली पसरेल. सावळ्या हातावर ती कमी दिसते, पण बोट फिरवलं तर ऊब लागते. काहींची रेघ नंतर फुगून वर येते, अंगावर पित्त उठावं तशी. लंडनचे डॉक्टर थॉमस लुइस यांनी १९२०च्या दशकात या तीन पायऱ्या बारकाईनं नोंदवून ठेवल्या.

यातली मधली पायरी आपल्या कामाची. चमचा न टेकलेल्या कातडीला खबर लागली कशी? मज्जातंतूंमुळे. शाळेत आपण शिकतो की मज्जातंतू कातडीचा निरोप मेंदूकडे नेतो. तो नेतोच. पण त्याच तंतूला कातडीत मुळांसारखे फाटे फुटलेले असतात, आणि निरोप वर जाता जाता शेजारच्या फाट्यांतून उलटा खालीही येतो. तिथे तंतूंच्या टोकांतून सबस्टन्स पी, सीजीआरपी अशा नावांची रसायनं झिरपतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि लाली पसरते. यात मेंदूला कुणी विचारतच नाही. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर हिस्टामीनचा, म्हणजे खाज-सूज आणणाऱ्या एका द्रव्याचा, थेंब ठेवून टोचलं, तर गांध उठते पण भोवतीची लाली पसरत नाही, कारण तिथले मज्जातंतू आजारानं निकामी केलेले असतात. रोगनिदानासाठी ही चाचणी वापरत आले आहेत.

या तंतूंच्या टोकांजवळच मास्ट पेशी बसलेल्या असतात. त्या आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या पेशी. पोटात हिस्टामीन आणि आणखी कितीतरी झोंबऱ्या द्रव्यांची बारीक बारीक गाठोडी बाळगून असतात. मज्जातंतूनं सबस्टन्स पी सोडलं की त्या ती गाठोडी फोडतात. मग सूज येते, रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी धावून येतात. इसबात या आलेल्या पेशी इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१३ आणि इंटरल्यूकिन-३१ ही द्रव्यं सोडतात, आणि या द्रव्यांनीच उघडणारी कुलपं मज्जातंतूंवर थेट बसवलेली असतात. इंटरल्यूकिन-३१ नं तर तंतू थेट खाजेचा निरोप धाडायला लागतो. इंटरल्यूकिन-४ नं तो इतका हळवा होतो की घामाचा ओघळ, शर्टाची कॉलर, प्लास्टिकच्या खुर्चीची कड, काहीही पुरतं. म्हणजे तंतू पेशींना चिथावतो आणि पेशी तंतूला. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ‘मन घट्ट कर’ म्हणणं हे ताप आलेल्याला ‘अंग गार कर’ म्हणण्यासारखं आहे.

तुमच्या मुलीला एक गोष्ट आवडेल. तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात स्वादुपिंडातली लँगरहॅन्सची बेटं आहेत. त्याच पॉल लँगरहॅन्सनं १८६८ साली, बर्लिनमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच, कातडीचा पापुद्रा सोन्याच्या क्षारानं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. आकारावरून त्यानं त्या मज्जासंस्थेच्या पेशी ठरवल्या. पुढची जवळजवळ शंभर वर्षं गेल्यावर कळलं की त्या प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी आहेत. आणखी पुढे, १९९३ साली, असं दिसलं की मज्जातंतूंची टोकं या पेशींना अक्षरशः भिडलेली असतात आणि त्यांच्या कामात हातही घालतात. त्या पोरसवदा विद्यार्थ्याची चूक तशी फार मोठी नव्हती. कातडीत या दोन यंत्रणा इतक्या मिसळलेल्या आहेत की बघणारा फसावा.

आता सेट्रिझिनचं. तुमच्याकडे रानात, कुंपणांवर खाजकुइलीच्या शेंगा असतात, तपकिरी लव असलेल्या. शाळेत कुणीतरी कुणाच्या तरी सदऱ्यात ती लव टाकतंच. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं द्रव्य असतं. ते मज्जातंतूवरच्या एका खास कुलपाला कापून उघडतं आणि खाज सुटते. गंमत अशी की या सगळ्यात हिस्टामीन फारसं येतच नाही. हिस्टामीनची खाज एका जातीच्या तंतूंनी जाते, खाजकुइलीची दुसऱ्या. इसबाची खाज बरीचशी या दुसऱ्या वाटेनं जाते. फुटलेल्या कातडीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जिवाणू ठाण मांडून बसतात, आणि त्यांच्याकडेही असंच एक प्रथिनं कापणारं द्रव्य असतं. ते खाजकुइलीच्याच भाऊबंदांतलं कुलूप उघडतं, हे २०२३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. सेट्रिझिन फक्त हिस्टामीनची वाट अडवतं. पित्त उठलं असेल तर त्याचा गुण येतो, तुमच्या मुलीच्या खाजेला नाही. गुंगीनं अभ्यास बुडतो तेवढा बुडतो. डॉक्टरांना हे सांगा आणि ती गोळी चालू ठेवायची का, असं सरळ विचारा.

मग खाजवल्यावर बरं का वाटतं? नखानं होणारी बारीक दुखापत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत खाजेचा निरोप दाबून टाकते, म्हणून. ते सुख खरं असतं, त्याबद्दल तिला दोष देऊ नका. पण त्या सुखाची किंमत कातडी भरते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात डॅनियल कॅप्लान यांच्या गटानं २०२५ च्या सुरुवातीला एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या कानांवर ॲलर्जी उठवली. काहींच्या गळ्यात, ऑपरेशननंतर कुत्र्याला घालतात तसा, शंकूसारखा पट्टा घातला, म्हणजे कान खाजवताच येऊ नये. खाजवणाऱ्या उंदरांचे कान जास्त सुजले, त्यांत सुजेच्या पेशीही जास्त जमल्या. कारण शोधलं तेव्हा वरचीच साखळी सापडली: खाजवल्यानं वेदनेचे तंतू जागे झाले, त्यांनी सबस्टन्स पी सोडलं आणि मास्ट पेशी दुसऱ्यांदा फुटल्या, ॲलर्जीनं एकदा आणि नखांनी एकदा. त्याच प्रयोगात हेही दिसलं की खाजवल्यानं कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणू कमी झाले. म्हणजे निसर्गानं खाजवणं उगाच दिलेलं नाही. कीड झटकायला, जंतू हटवायला ते दोन दिवस उपयोगी पडतं. महिनोन्‌महिने चाललं की तेच मुळावर येतं.

तुमच्या घरात कुणाकडे असा पट्टा नाही, आणि असावा असं मला मुळीच वाटत नाही. झोपेत हात चालतो तेव्हा ती जागी नसते. तिथे ‘खाजवू नकोस’ ऐकणार कोण? जागेपणी ते ऐकून ती एवढंच शिकते की आपलं शरीर सगळ्यांना खुपतंय. त्याऐवजी ‘खाज सुटलीय का? गार फडकं आणू?’ असं विचारा. वाक्य बदललं की तीही लपून खाजवायची थांबते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

परीक्षेचा ताण कातडीपर्यंत पोचतो का? पोचतो, आणि तो मोजलाही आहे. १९९८ साली ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला प्रत्येकाला जास्त दिवस लागले, सरासरीनं ४० टक्के जास्त वेळ. २००१ साली असाच अभ्यास कातडीवर झाला. विद्यार्थ्यांच्या कातडीचा वरचा थर चिकटपट्टीनं ओढून काढला आणि तो पुन्हा पाणी धरायला केव्हा लागतो ते पाहिलं. परीक्षेच्या दिवसांत ते काम रेंगाळलं. ही सगळी धडधाकट मुलं होती, इसब नसलेली. तुमच्या मुलीच्या कातडीची भिंत मुळातच विरळ आहे. तिची डागडुजी नेमकी याच महिन्यांत मंदावते आणि त्यात झोप मोडते. सासूबाईंना हे सांगाल तर त्यांना पटेल: पोरीनं मनाला लावून घेतलं म्हणून इसब झालं नाही. इसब होतंच, ताणानं त्याला वाट मिळाली.

म्हणून टेन्शन घेऊ नकोस, हा सल्ला मी देणार नाही. बारावीच्या मुलीला तो देऊन उपयोगही नाही. चक्र जिथे हाताशी येतं तिथे ते तोडायचं, आणि ते हाताशी येतं कातडीवर.

आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत. कढत पाणी इसबावर ओतलं की क्षणभर स्वर्ग वाटतो, आणि तासाभरात दुप्पट खाज सुटते. अँटिसेप्टिक द्रावण, उटणं, डाळीचं पीठ, सगळं बाजूला ठेवा. साधा, बिनवासाचा सौम्य साबण फक्त काखेत, जांघेत, पायांना. अंग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मलम लावायचं. पातळ लोशन फुटलेल्या कातडीवर चुरचुरतं आणि मुली मग ते टाळतात. दाट मलम किंवा साधी पांढरी पेट्रोलियम जेली चालेल. खोबरेल तेलही चालेल, मोहरीचं नको. किती लावायचं, यात सगळे चुकतात. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. तुमच्या मुलीचे चट्टे कमी आहेत, तरी महिनाभर एक छोटी डबी पुरत असेल तर ती लावतच नाहीये असं समजा.

रात्रीसाठी ओलं-कोरडं बांधणं फार गुणकारी आहे, आणि त्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही. जुन्या सुती पायमोज्यांचे पुढचे भाग कापून नळ्या करा. कोपराला मलम भरपूर चोपडा. एक नळी कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि कोपरावर चढवा. तिच्यावर दुसरी कोरडी नळी. ओलाव्यानं कातडी गार राहते, खाजेचे तंतू निवतात, आणि झोपेत नख गेलंच तरी कापडावर जातं. थंडी वाजत असेल तर एका वेळी दोनच जागा बांधा. पू दिसत असेल तर बांधू नका. आत स्टेरॉइडचं मलम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधायचं नाही, कारण झाकल्यानं त्याचा जोर कितीतरी वाढतो.

अभ्यासाच्या टेबलावर गार पाण्याची बाटली आणि एक सुती रुमाल असू द्या. खाज सुटली की नखं न लावता तो गार रुमाल दाबून धरायचा किंवा तळहातानं दाबायचं. नखं दर तीन दिवसांनी कापून कानशीनं गोल करा. पंखा अंगावर, घाम आला की टिपायचा. खाजेचा निरोप रात्री जास्त जोर धरतो, कारण अंथरुणात कातडी तापते आणि शरीराचं स्वतःचं सूज आवरणारं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. तेव्हा झोपण्यापूर्वीचं मलम चुकवू नका, सकाळचं एखाद्या दिवशी चुकलं तरी चालेल.

आता त्या ट्यूबबद्दल. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा ट्यूबांत बहुतेकदा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीचं, एक जिवाणूंचं. स्टेरॉइडनं पेशी चार दिवस गप्प बसल्या, पण कातडीची भिंत तशीच उघडी होती. ट्यूब थांबताच पुन्हा सगळं सुरू. कोपराच्या खोबणीत, मानेवर कातडी पातळ असते. तिथे असं औषध महिनोन्‌महिने लावलं तर ती आणखी झिरझिरीत होते, चिरा पडतात, आणि आत नायटा असेल तर तो दबून पसरतो. पण यावरून स्टेरॉइडच वाईट असं ठरवू नका. योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावलेलं स्टेरॉइड हे आजही इसबाचं मुख्य औषध आहे. उसळी शमल्यावर नेहमीच्या जागी आठवड्यातून दोनच दिवस लावत राहिलं तर पुढच्या उसळ्या कमी होतात, ही पद्धत चांगली तपासलेली आहे. मानेसाठी डॉक्टर टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम देतील. ते पहिले काही दिवस झणझणतं. मज्जातंतूंची टोकं त्यानं चेतवली जातात म्हणून तसं होतं, आणि वापर चालू ठेवला की बहुतेकांचं ते आपोआप निवतं. हे आधी माहीत नसलं की लोक दुसऱ्या दिवशी ट्यूब फेकतात.

एवढ्यानं भागलं नाही तर पुढची औषधं आहेत. ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-४ आणि १३ ची वाट अडवतं, नेमोलिझुमॅब इंटरल्यूकिन-३१ चं कुलूप बंद करतं, आणि काही गोळ्या याच निरोपांना पेशीच्या आत थोपवतात. गोळ्यांआधी रक्ताच्या तपासण्या लागतात, इंजेक्शनं महाग आहेत. तुमच्या मुलीवर ती वेळ येईलच असं नाही. पण ‘याला औषधच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पिवळसर खपल्या, पाणी गळणं, ताप किंवा एकाच आकाराचे, दुखरे, मधे खड्डा पडलेले फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल तर आधी खरूज नाही ना, ते तपासून घ्या. तिचं औषध वेगळं, आणि ते सगळ्या घरानं एकाच दिवशी घ्यायचं असतं.

राहिल्या अर्ध्या बाह्या. मेपर्यंत वेळ आहे. वर सांगितलेलं आजपासून सुरू केलं तर कोपरं बरीच निवळतील. काळपट डाग राहतील, ते जायला महिने लागतात, पण डाग खाजत नाहीत. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच उघड्या हातांनी शंभर जणांत बसायची वेळ तिच्यावर आणू नका. आतापासून घरी अर्ध्या बाह्यांचा सुती कुर्ता घालून सराव पेपर सोडवू द्या, मग क्लासला तसं जाऊ द्या. प्रवेशपत्रावरच्या कपड्यांच्या सूचना तिच्यासोबत बसून वाचा. मैत्रिणींनी विचारलं तर ‘इसब आहे, लागत नाही कुणाला’ एवढं तिला सहज म्हणता यावं, म्हणून ते वाक्य आधी तिच्या बाबांनी तिच्यासमोर कुणाला तरी सांगितलेलं असलं तर बरं.

आणि डॉक्टरांकडे जाताना त्या ट्यूबचं खोकं, रिकामं असलं तरी, बरोबर न्या. त्यावरची औषधांची नावं त्यांना स्वतः वाचू द्या.